धुऊन ठेवलेला डबा

चोरी केल्यावर भांडं घासून ठेवणारा चोर पृथ्वीच्या पाठीवर बहुधा एकच असेल, आणि तो नारायण पेठेत राहतो. त्याचं नाव गोपाळकृष्ण रिसबूड. खराडीतल्या एका कंपनीत ते हिशेब आणि व्यवस्था अशी दोन्ही खाती सांभाळतात. कंपनी परदेशातल्या दवाखान्यांची बिलं तयार करते. तिथल्या पोरांचं सरासरी वय सत्तावीस. रिसबूड छप्पन्न वर्षांचे. त्यामुळे पोरं त्यांच्याकडे किल्ल्याकडे बघावं तशी बघतात: अभिमान वाटतो, पण रोज चढून जायची इच्छा नसते.

इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं की समोरच्याला अपमान झाला हे लिफ्टमधून उतरल्यावर कळावं. एसी कमी करा म्हणून कोणी आलं की ते शांतपणे विचारत, "घरी पंखा आहे का आपल्या?" सुट्टीचा अर्ज घेऊन आलेल्याला म्हणत, "आजी परत वारली का?" पण त्याच पोराची आजी खरोखर वारली तर वैकुंठ स्मशानभूमीत सगळ्यांच्या आधी पोहोचणारा माणूसही हाच. पगारातली एक पै इकडची तिकडे झाली नाही, व्हाउचरशिवाय चहा मागवला नाही. अशा माणसाने फ्रिजमधला दुसऱ्याचा डबा खावा, म्हणजे चतुःशृंगीच्या देवीनेच प्रसादाच्या रांगेत घुसण्यासारखं होतं.

आणि डबा कोणाचा? तर नंदा ओव्हाळ यांचा.

नंदाताई पगार विभागाच्या प्रमुख. विश्रांतवाडीला राहतात. त्यांच्या आजोबांच्या पिढीत घराने बुद्धाचा मार्ग धरला आणि पुढे सगळी माणसं शिकली. सासरे टपाल खात्यात, नवरा पाटबंधारे खात्यात, मुलगी पूर्वा वास्तुविशारद होण्याच्या मार्गावर. बाईंचं काम चोख आणि हातात चव. परदेशाशी संध्याकाळी उशिरापर्यंत बोलणी असायची, म्हणून त्या दुपारच्या डब्याशिवाय संध्याकाळसाठी एक छोटा गोल स्टीलचा डबा आणत आणि फ्रिजमध्ये ठेवत. झाकणावर 'नं. ओ.' असं कोरलेलं.

दुपारी लांब टेबलाशी सगळे एकत्र जेवत. सगळ्यांचे डबे मधोमध उघडे, ज्याने त्याने हवं ते घ्यायचं. रिसबुडांचा हात या टेबलावर मोठा दिलदार. रोहन नावाच्या पोराने आणलेले लालभडक तेलात पोहणारे छोले ते आवडीने घेत, पंजाबी मुलीचा पराठा घेत, आणि आपल्या बायकोची, हेमावहिनींची, चिंचगुळाची आमटी सगळ्यांना आग्रहाने वाढत. फक्त नंदाताईंच्या डब्यापाशी आला की हात वळसा घेई. रस्त्यातला खड्डा पाठ असलेला स्कूटरवाला जसा न बघता वळसा घेतो, तसा. "घ्या ना सर," असं बाई म्हणत. "नको मॅडम, जरा ॲसिडिटी आहे," असं सर म्हणत, आणि पुढच्या घासाला रोहनच्या छोल्यांचं तेल पोळीला लावत.

रिसबुडांनी हे कधी ठरवलं नव्हतं. विचारलं असतं तर ते खवळले असते. "आमच्याकडे असलं काही नाही हो!" असं ते चारचौघांत ठासून सांगत. जयंतीला नंदाताईंना शुभेच्छा देत. पूर्वाच्या प्रवेशाच्या वेळी त्यांनी स्वतः ओळखीच्या प्राध्यापकाला फोन केला होता. बुद्धपौर्णिमेला बाईंनी खीर आणली तेव्हा कागदी कपात घेऊन "जागेवर खातो" म्हणाले होते. कप संध्याकाळपर्यंत संगणकाशेजारी होता, साय धरून. मग तो कचऱ्यात गेला. त्यांचं मन म्हणे, पोट बरं नव्हतं. आपलं मन आपल्याशी इतक्या सहज खोटं बोलू शकतं हे त्यांना तोवर ठाऊक नव्हतं.

मग तो गुरुवार उजाडला. दुपारी चारच्या सुमाराला पोरं मीटिंगांत कोंडलेली असत आणि खानपानाची खोली रिकामी. रिसबूड रोजच्यासारखे आपली ताकाची बाटली घ्यायला गेले. फ्रिज उघडला, तर गोल डब्याचं झाकण नीट बसलं नव्हतं. बसवावं म्हणून त्यांनी हात घातला आणि भरल्या वांग्याचा वास आला.

आता वांगं रिसबुडांच्या घरीही होतं. पण हेमावहिनींचं वांगं सात्त्विक. गोडा मसाला, गूळ, दाण्याचं कूट, आणि एकूण वृत्ती क्षमाशील. हे वांगं काळंभोर, भाजलेलं, अंगावर तेल आणि पोटात कसला तरी खरपूस ऐवज. त्यांनी बोट लावलं. मग चमचा शोधला. मग उभ्या उभ्या, फ्रिजचं दार पाठीने धरून, तिन्ही वांगी संपवली. डोळे मिटून.

डोळे उघडले तेव्हा हातात रिकामा, उष्टा डबा होता. इथे दुसऱ्या कोणाही चोराने डबा आत सारून पळ काढला असता. पण रिसबुडांवर संस्कार होते. उष्टं भांडं ठेवायचं नाही. त्यांनी डबा घासला, पुसला. आणि कोणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, हेही आईने लहानपणीच शिकवलेलं. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. त्यांनी कॉफीच्या साखरेची पुडी फोडली, डब्यात सोडली, झाकण नीट बसवलं आणि तो होता तिथे ठेवला. हे सगळं करताना त्यांना एक क्षण चक्क पुण्य केल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा खाल्लं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. घरी एकदा जेवताना तोंडातून निसटलं, "वांग्यात कारळं घालून बघ की."

हेमावहिनींनी डाव खाली ठेवला. "कारळं? ते तुम्हाला कोणी सांगितलं?"

"असंच. वाचलं कुठेतरी."

"तुम्ही कारळं वाचून ओळखायला लागलात? हळद आणि डाळीचं पीठ यांत फरक कळायला तुम्हाला लग्नानंतर दहा वर्षं लागली."

रिसबूड ठसका लागल्याचं सोंग करून उठले.

इकडे ऑफिसात बोभाटा झाला. चोरीपेक्षा साखरेने पोरं हादरली. "सर, धिस इज क्रीपी," असं मनुष्यबळ विभागाची स्वराली म्हणाली. "खातो, डबा धुतो, वर शुगर ठेवतो? टोटल सायको." तिने एक समिती नेमली आणि सर्वानुमते अध्यक्षपद दिलं श्री. गोपाळकृष्ण रिसबूड यांना. नाही म्हणणं संशयास्पद दिसलं असतं. शिवाय खरं सांगायचं तर अध्यक्षपद कोणाला आवडत नाही? त्यांनी फ्रिजवर स्वहस्ते पाटी लावली: 'हा फ्रिज आहे, अन्नछत्र नाही. दुसऱ्याचा डबा खाणाऱ्यास लाज नसली तरी पोट आहे, ते बिघडेल.' पोरांनी पाटीचे फोटो काढले. रिसबुडांना आपल्या भाषेचं समाधान वाटलं, आणि लगेच त्या समाधानाची शिसारी आली.

समितीची बैठक काचेच्या खोलीत भरली. अध्यक्ष रिसबूड, स्वराली, रोहन, आणि तक्रारदार म्हणून नंदाताई.

"मला राग नाही आला," असं नंदाताई म्हणाल्या. "हसू आलं. ही साखर आपल्याकडची रीत आहे. डबा रिकामा परत करायचा नाही. तुम्हा मुलांना माहीत नसेल. कोणीतरी मराठी आहे, आणि जुन्या वळणाचं."

रोहनचे डोळे चमकले. "मराठी, जुन्या वळणाचं, आणि भांडी घासायची सवय. मॅडम, इट्स ऑब्व्हियस. मथुराबाई!"

मथुराबाई म्हणजे सफाईच्या ठेकेदाराकडची बाई. केसनंदहून बसने येई, कप विसळी, टेबलं पुसी, आणि चारनंतर खानपानाच्या खोलीत तिचाच वावर.

"छे छे," असं नंदाताई घाईने म्हणाल्या. आपल्याच बोलण्याची दोरी कोणाच्या गळ्यात पडतेय हे त्यांना दिसलं. "ती बाई असं करणार नाही."

"मग कोण मॅडम? तुमच्या वयाचं मराठी माणूस इथे कोण आहे? एक तुम्ही, एक सर."

रिसबुडांच्या कानशिलांवरून घाम उतरला. आता, असं त्यांना वाटलं. आत्ताच बोलावं. तोंड उघडलंही.

पण रोहन खदखदून हसला. "आणि सरांचा तर प्रश्नच नाही! सर मॅडमच्या डब्याला हातसुद्धा लावत नाहीत. सगळ्यांना माहितीये."

त्या पोराने हे साफ मनाने म्हटलं. बचाव म्हणून म्हटलं. स्वरालीने मान डोलावली, जशी पंखा चालू आहे हे ऐकून डोलवावी. म्हणजे हे सगळ्यांना दिसत होतं. रोज, टेबलावर, सगळ्यांना. रिसबुडांनी नंदाताईंकडे पाहिलं. त्या समोरच्या पेल्यातलं पाणी पीत होत्या, सावकाश, संपेपर्यंत.

रिसबूड म्हणाले, "बघू. चौकशी करू." आणि बैठक संपवली.

चौकशीची वाट कोणी पाहिली नाही. स्वरालीने ठेकेदाराच्या मुकादमाला, इंद्रजीतला, फोनवर 'थोडा डाउट आहे' एवढंच कळवलं. इंद्रजीतने दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मथुराबाईला सांगून टाकलं की सोमवारपासून यायचं नाही, दुसरी बाई बघितली आहे. रिसबूड त्या वेळी पॅसेजमध्ये छापील कागद घेऊन उभे होते. त्यांनी ऐकलं.

"मी कशाला खाऊ कुणाचं?" मथुराबाई म्हणत होती. आवाज चढलेला नव्हता. "माझी भाकर माझ्या पिशवीत हाय. बघा की. पाच वर्सं झाली, कुणाची टाचणी उचलली न्हाई म्या."

"मावशी, कंपनीचा डाउट आहे. मी काय करू?"

"मंग कंपनीला म्हणावं, तोंडावर सांग. पोरीच्या सासरी कळलं तर काय म्हणत्याल? चोर म्हून काढली?"

रिसबूड मागे फिरले आणि प्रसाधनगृहात जाऊन उभे राहिले. आरशात दोन पेनांचा माणूस दिसला. त्यांनी आधी सुटकेच्या वाटा शोधल्या, कारण माणूस तसाच असतो. इंद्रजीतला बाईच्या प्रामाणिकपणाचं प्रमाणपत्र द्यावं? चोर सापडला नाही असा अहवाल लिहावा? उंदराचं नाव घ्यावं? साखर घालणारा उंदीर! मग तोंडावर पाणी मारून ते थेट स्वरालीच्या टेबलाशी गेले.

"मथुराबाईंना काढू नका. डबे मी खाल्ले."

स्वराली बघत राहिली. मग तिचे डोळे पाणावले. "सर," असं ती म्हणाली, "यू आर सो स्वीट."

"काय?"

"एका हाउसकीपिंगच्या बाईसाठी तुम्ही स्वतःवर घेताय! सर, हॅट्स ऑफ."

"अहो, मी खरंच खाल्ले! वांगी! उभ्याने!"

"सर, मला कळतंय. बट प्रोसेस इज प्रोसेस."

आणि त्या पोरीने, भाबडेपणाने, कंपनीच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या. आपल्याकडे किती मोठ्या मनाची माणसं आहेत, एका गरीब बाईसाठी वरिष्ठ अधिकारी आळ अंगावर घेतात. अर्ध्या तासात हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. रोहन येऊन वाकून नमस्कार करून गेला. "सर, रिस्पेक्ट." रिसबूड म्हणाले, "अरे गाढवा, मी चोर आहे." रोहन म्हणाला, "ह्युमर पण टॉप."

इतकी वर्षं जमवलेली अब्रू अशी भिंतीसारखी उभी राहिली आणि तिच्यातून बाहेर पडायला दार सापडेना. ते चोर आहेत हे कोणाला पटतच नव्हतं. मथुराबाई चोर आहे हे मात्र पहिल्या फटक्यात पटलं होतं. रिसबूड खुर्चीत बसून राहिले. जेवढी जास्त हात जोडलेली चित्रं येत, तेवढं त्यांना जास्त शेण खाल्ल्यासारखं वाटे.

आता एकच माणूस उरलं होतं.

नंदाताई पगाराची कामं मिटवत होत्या. रिसबूड त्यांच्या टेबलाशी उभे राहिले, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे.

"मॅडम, तो मीच होतो. तुम्ही तरी विश्वास ठेवा."

नंदाताईंनी चष्मा काढला. "वांग्यात काय होतं?"

"कारळं. भाजलेलं. थोडं सुकं खोबरं." मग आवाज खाली गेला. "एकदा चवळीची उसळ होती. एकदा शेवग्याच्या पाल्याची भाजी. उसळीत मीठ जरा..."

"कमी होतं."

"हो."

"सासूबाईंना रक्तदाब आहे. कमीच घालते." त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. "हे टेबलावर सांगितलं असतंत तर चाललं असतं, सर. मीठ कमी आहे म्हणून."

"मला त्या वेळी ॲसिडि..."

"नको, सर."

वाद घालण्यात अख्खी पेठ ज्यांना वचकून असे, ते दोन शब्दांनी गप्प झाले. मान खाली गेली ती वर येईना.

"मागितलं असतं तर दिलं असतं, असं म्हणायची पद्धत आहे," नंदाताई म्हणाल्या. "ते मी म्हणणार नाही. मी रोज देतच होते. मला वाटायचं, माझ्या हाताला चव नसेल. घरी विचारायचे, बरं झालंय ना? हसतात मला घरी." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "आणि आता कळतंय, चव होती."

रिसबुडांना रागावलेलं चाललं असतं. त्यांनी त्यासाठी तयारी केली होती. ही गोष्ट मात्र त्यांना कुठे ठेवावी कळेना. रोज संध्याकाळी विश्रांतवाडीच्या त्या घरात आपलं नाव न घेता आपल्याबद्दल एक प्रश्न विचारला जात होता, आणि आपण इकडे आपलं मोठेपण मिरवत होतो.

"चला," असं म्हणून नंदाताई उठल्या. "तुमचं नंतर. आधी त्या बाईचं बघू."

स्वरालीला पटवायला नंदाताईंना दोनच मिनिटं लागली. पटल्यावर तिचा चेहरा पडला. "ओके. पण मॅडम, हे आपण इंटरनल ठेवूया का? सरांची पोझिशन..."

"मथुराबाईंचं आतल्या आत ठेवलं होतं का? त्या केसनंदला चोर होऊन निघाल्यात. जिथे यांचं कौतुक छापलंत तिथेच हेही छापा. ते स्वतः लिहितील."

अख्ख्या पेठेला पाट्या लिहून देणारा माणूस फोन हातात धरून बसला. पहिला मसुदा असा झाला: 'काही अपरिहार्य प्रकृतिविषयक कारणांमुळे अनवधानाने माझ्याकडून...' नंदाताईंनी वाचला.

"भुकेने जीव जात होता का?"

"नाही."

"मग कारण नका लिहू."

शेवटी एवढंच उरलं: 'नंदा ओव्हाळ यांचे डबे मी चोरून खाल्ले. मथुराबाईंनी नाही. काल समितीत मी गप्प बसलो. गोपाळकृष्ण रिसबूड.' त्यांनी पाठवा म्हणून अंगठा ठेवला. एकही चित्र आलं नाही. कोणी हसलं नाही. मजल्यावर एकेका खुर्चीत मान वर होत गेली, आणि रिसबुडांकडे बघून पुन्हा खाली गेली.

मग ते इंद्रजीतला शोधत तळमजल्यावर गेले. मथुराबाई फाटकाशी बसची वाट बघत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. रिसबुडांनी तिच्यासमोर, इंद्रजीतसमोर आणि दोन पहारेकऱ्यांसमोर तेच सांगितलं जे वर लिहिलं होतं. तोंडाने सांगताना ते जास्त लांब वाटलं.

मथुराबाईने ऐकून घेतलं. "तुमी?" असं ती म्हणाली. तिने त्यांना बुटांपासून चष्म्यापर्यंत पाहिलं. "तुमच्या घरी करून घालत न्हाईत व्हय?"

"घालतात."

"मंग?"

पहारेकरी दुसरीकडे बघू लागले.

"सोमवारी यायचं मावशी तुम्ही," असं इंद्रजीत म्हणाला.

"यीन. पर आता ह्यांनी माझ्या जावयाला फोन लावायचा. म्या मगाशी लेकीला रडत सांगितलंया. तिनं तिकडं सांगितलं असंल." तिने पिशवीतून फोन काढला, नंबर लावला आणि पुढे केला. "बोला. समदं बोला. तुमचं नाव बी सांगा."

रिसबुडांनी फोन कानाला लावला. पलीकडे कोणीतरी वाघोलीच्या एखाद्या गॅरेजमधून ओरडत होतं, यंत्रांच्या आवाजात. "हॅलो! कोण बोलतंय?"

"मी गोपाळकृष्ण रिसबूड. आपल्या सासूबाईंच्या ऑफिसमधून बोलतोय."

"जोरात बोला, ऐकू येईना!"

फाटकातून ऑफिस सुटलेल्या पोरांची रांग बाहेर पडत होती. रोहन त्यांच्यात होता. रिसबुडांनी एक हात दुसऱ्या कानावर ठेवला, आणि जन्मात पहिल्यांदा रस्त्यावर उभं राहून, घसा ताणून ओरडले, "चोरी मी केली होती! मी! तुमच्या सासूबाईंनी नाही!"

"काय चोरलं?"

"वांगी!"

पलीकडे यंत्र बंद झालं. मथुराबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होती. समोर तिची बस आली, थांबली, आणि ती काही उठली नाही.

"परत सांगा," असं ती म्हणाली. "त्याला कळलं न्हाई."

रिसबुडांनी परत सांगितलं.